अमेरिकन हायस्कूल फुटबॉलमध्ये मुलाला लाइनवर जागा मिळाली, आता सुरुवात कुठून करायची?

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात कोच मुलांची वाटणी करतात. बॉल झेलणारे एकीकडे, वेगानं पळणारे एकीकडे, आणि अंगानं भरलेली किंवा नुसती उंच असलेली मुलं लाइनवर, म्हणजे बॉलपाशी समोरच्या संघाला भिडणाऱ्या रांगेत. नववीत पहिल्यांदा हेल्मेट घालणाऱ्या मुलाच्या वाट्याला बहुधा लाइनच येते. तो घरी येऊन सांगतो, "मला लाइनमन केलंय," आणि टेक्सासमधल्या फ्रिस्कोपासून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंतच्या मराठी आईबाबांना वाटतं, बॉल हातात येणार नाही म्हणजे पोराला बाजूला टाकलं. तसं मुळीच समजू नका. बॉल असलेल्या संघाच्या अकरांपैकी पाच जण लाइनवर असतात, प्रत्येक प्लेमध्ये (बॉल सुटल्यापासून शिटीपर्यंतच्या खेळात) ते कुणाला तरी भिडतात, आणि त्यांचं काम फसलं तर बॉल फेकणारा, संघ चालवणारा क्वार्टरबॅक कितीही हुशार असला तरी त्याला काही करता येत नाही.

लाइनचा खेळ वजनाचा आहे असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो पावलांचा आहे. स्नॅपनंतरच्या, म्हणजे बॉल जमिनीवरून मागे दिल्यानंतरच्या, पहिल्या दोन पावलांत कोण खाली राहिला आणि कुणाचे हात आत गेले, हे ठरतं आणि पुढचं त्यावरच चालतं. ही दोन पावलं घरी शिकता येतात. गॅरेज, रंगीत चिकटपट्टी आणि एक जाड उशी एवढं सामान पुरतं, आणि उशी धरायला तुम्ही.

आधी जागा ओळखा

बॉलवर हात ठेवून वाकलेला तो सेंटर. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, गार्डच्या बाहेर टॅकल. या पाच जणांच्या जर्सीवर ५० ते ७९ मधले आकडे असतात आणि त्यांना पास झेलता येत नाही. समोरच्या संघात आणि त्यांच्यात फक्त बॉलच्या लांबीएवढं, म्हणजे साधारण ११ इंचांचं अंतर असतं. एवढ्याशा जागेत धावत येऊन धडकायला वाव नसतो. म्हणून ताकद पायांतून आणि कमरेतून यावी लागते.

फटींना अक्षरं आहेत. सेंटर आणि गार्डमधली ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. समोरचा खेळाडू कुठे उभा आहे ते सांगायला आकडे आहेत: सेंटरच्या बरोबर समोर ०, सेंटरच्या खांद्यावर १, गार्डच्या समोर २, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर ३, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर ५. या आकड्यांचं श्रेय टेक्सासचे कोच बम फिलिप्स यांना दिलं जातं. ते हायस्कूलमध्ये शिकवत शिकवत पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या ह्यूस्टन ऑइलर्सचे मुख्य कोच झाले. ही अक्षरं आणि हे आकडे पहिल्या आठवड्यात पाठ झाले पाहिजेत, कारण कोच मैदानावर याच भाषेत ओरडतात. जेवणाच्या टेबलावर पाच चमचे लाइन म्हणून मांडा, समोर वाट्या ठेवा आणि विचारा, "ही वाटी कितवर आहे?" दोन-तीन संध्याकाळींत जमतं.

स्टान्स

स्टान्स म्हणजे स्नॅपआधी उभं राहायची ठेवण. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद. उजव्या बाजूला खेळणाऱ्याचा उजवा पाय थोडा मागे: मागच्या पायाची बोटं पुढच्या पायाच्या मध्याच्या रेषेत. गुडघे वाकवून बसायचं, कोपरं मांड्यांवर टेकवायची, मग मागच्या पायाच्या बाजूचा हात डोळ्याखाली जमिनीवर सोडायचा. पाठ सपाट, कंबर खाली, नजर वर. मान ताठ मागे वळवायची नाही, फक्त डोळे वर न्यायचे. आखाड्यात सलामी झाल्यावर पैलवान गुडघे वाकवून, वजन तळव्यांच्या पुढच्या भागावर घेऊन उभा राहतो, तशी ही ठेवण. फरक एवढाच की एक हात जमिनीवर असतो.

तपासायची सोपी खूण: तो स्टान्समध्ये असताना त्याला जमिनीवरचा हात उचलायला सांगा. पुढे कोलमडला तर वजन हातावर जास्त आहे. मागे बसला तर टाचांवर आहे. जागच्या जागी राहिला तर ठीक. आणखी एक गोष्ट बघा. बॉल घेऊन पळायचं असो (धाव) की फेकायचा असो (पास), स्टान्स सारखाच दिसला पाहिजे. धावेच्या वेळी बोटांवर जोर देऊन पुढे झुकणारा आणि पासच्या वेळी मागे बसणारा मुलगा समोरच्याला प्ले आधीच सांगून टाकतो. अनुभवी डिफेन्सवाले, म्हणजे बॉल नसलेल्या संघातले, बोटांच्या पेरांचा रंगसुद्धा बघतात.

बऱ्याच शाळा आता हात जमिनीवर न ठेवता, दोन पायांवरचाच स्टान्स वापरतात. तरी मी म्हणेन, तीन टेकूंचा स्टान्स आधी शिकवा. खाली राहायची सवय त्यातून लागते. एक नियम मात्र लगेच सांगून ठेवा: सेंटर आणि टोकाचे खेळाडू सोडून लाइनवरच्या कुणीही हात जमिनीवर किंवा जमिनीजवळ नेला की स्नॅपपर्यंत तो हलवायचा नाही. हलवला तर फॉल्स स्टार्ट, पाच यार्डांचा दंड.

पहिलं पाऊल, दुसरं पाऊल

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

पहिलं पाऊल सहा इंचांचं. पाय फार न उचलता, जमिनीलगत, जिकडे जायचं त्या दिशेला. सरळ समोरच्याला ढकलायचं असेल तर पुढे, बाजूच्या फटीत पोचायचं असेल तर तिरपं. नवखा मुलगा उत्साहानं मोठं पाऊल टाकतो आणि नेमका एक पाय हवेत असताना समोरच्याला भिडतो. एका पायावर उभ्या माणसाला कुणीही ढकलू शकतं. म्हणून दुसरं पाऊल जमिनीवर येईल तेव्हाच भिडंत झाली पाहिजे. पहिलं पाऊल छोटं ठेवायचं ते यासाठीच, दुसरं लवकर पडावं म्हणून.

गॅरेजमध्ये जमिनीवर चिकटपट्टीची एक रेघ मारा, तिच्यापुढे सहा इंचांवर दुसरी. मुलगा पहिल्या रेघेवर स्टान्स घेतो, तुम्ही "सेट, हट" म्हणता, तो फक्त पहिलं पाऊल टाकून थांबतो. कंबर वर आली का? नजर खाली गेली का? पाय दुसऱ्या रेघेच्या फार पुढे गेला का? दोन्ही पायांनी, तिन्ही दिशांना. मग दोन पावलं, पुन्हा थांबायचं. हट कधी पहिल्या हाकेला म्हणा, कधी दुसऱ्या, पण आधी त्याला सांगून. ऑफेन्सकडे, म्हणजे बॉल असलेल्या संघाकडे, एकच हमखास फायदा असतो: स्नॅप कधी होणार हे त्यांना माहीत असतं. तो फायदा उशिरा उठून घालवायचा नाही.

उंची टिकवायला शाळेत लोखंडी नळ्यांचं बुटकं छप्पर असतं, चूट म्हणतात त्याला. घरी दोन खुर्च्यांना दोरी बांधा. स्टान्समध्ये त्याचा खांदा जिथे येतो त्यापेक्षा थोडी वर. तिच्याखालून डोकं न लावता पाच-सहा पावलं चालायचं.

हात, आणि डोकं

दोन्ही हात एकदम, तळव्याच्या टाचेनं, अंगठे वर, कोपरं बरगड्यांना लागून. निशाण समोरच्याच्या छातीवर, बगलांच्या आत. हात बाहेरून येऊन खांद्यांना कवटाळले की ताकदही जाते आणि पंचाचं लक्षही वेधलं जातं. तुम्ही जाड उशी छातीशी धरून उभे राहा आणि त्याला गुडघ्यांवर बसवून नुसते हात मारू द्या. पाय काढून घेतले की कमरेचा झटका कसा वर चढतो ते त्याला कळतं. दोन्ही तळवे एकाच वेळी लागले तर एकच आवाज येतो, नाहीतर दोन.

होल्डिंगला, म्हणजे समोरच्याला पकडून ठेवण्याला, दहा यार्ड जातात आणि मुलं म्हणतात, "मी पकडलंच नव्हतं." बहुतेक वेळा चूक हाताच्या आधी पायांत झालेली असते. पाय थांबतात, समोरचा बाजूनं निसटतो, आणि आत असलेला हात आपोआप जर्सी ओढतो. हात आत आणि पाय चालू असतील तर पंच सहसा दंडाचा रुमाल टाकत नाहीत. मुलाला होल्डिंग सारखं लागत असेल तर त्याच्या पायांकडे बघा.

डोक्याबद्दल कुठलीही सवलत नाही. हेल्मेटचा माथा पुढे करून भिडायचं नाही, कधीच नाही. १९७६ साली हायस्कूल आणि कॉलेजच्या नियमांनी डोक्यानं पहिली धडक मारण्यावर बंदी घातली, आणि त्यानंतर मानेच्या गंभीर दुखापती खूप कमी झाल्या. आधी हात पोचतात, डोळे समोरच्याच्या छातीवर असतात, डोकं वर आणि हातांच्या मागे. मुलगा भिडताना खाली बघत असेल तर बाकी सगळा सराव थांबवून आधी हे सुधारा.

शेवटापासून सुरुवातीकडे

पायऱ्या मी स्टान्सपासून सांगितल्या, पण ब्लॉक (समोरच्याला अंगानं अडवणं) शिकवताना पुष्कळ कोच उलटे जातात आणि ते बरोबर आहे. आधी मुलाला भिडलेल्या स्थितीतच उभं करा: हात छातीवर, कोपरं आत, गुडघे वाकलेले, कंबर खाली. तिथून ढकलत न्यायचं, छोट्या छोट्या पावलांनी, पाय रुंद ठेवून, टाचा एकमेकींना न लागू देता. हे जमलं की एक पाऊल मागे घेऊन तिथून भिडायचं. मग दोन पावलं. मग पूर्ण स्टान्समधून. असं केल्यानं चांगला ब्लॉक अंगाला कसा जाणवतो हे त्याला आधीच माहीत असतं, आणि पुढची सगळी मेहनत त्या जाणिवेपर्यंत पोचण्यासाठी होते. शिटी वाजेपर्यंत पाय थांबू द्यायचे नाहीत.

थोडं पुढे गेलं की दोघांनी मिळून एकाला हलवायचं काम येतं. समजा गार्ड आणि टॅकल मिळून ३ वरच्या खेळाडूला ढकलताहेत, आणि मागे लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागचा खेळाडू) उभा आहे. दोघांच्या कमरा एकमेकींना चिकटलेल्या, चारही हात समोरच्यावर, चारही डोळे लाइनबॅकरवर. तो ज्याच्या बाजूनं येईल त्यानं सुटून त्याला घ्यायचं, दुसऱ्यानं पहिल्याला पूर्ण ताब्यात घ्यायचं. नवी मुलं घाईनं सुटतात. आधी ढकलून जागा मिळवा, लाइनबॅकर आपणहून जवळ येतो.

पासच्या वेळी

इथे स्वभाव बदलावा लागतो. धावेच्या ब्लॉकमध्ये पुढे जायचं, पासमध्ये आपली जागा राखायची. टॅकल बाहेरचा पाय मागे टाकतो आणि आतल्या पायानं जमीन ढकलतो. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत, जवळही येत नाहीत. पाठ क्वार्टरबॅककडे ठेवायची आणि समोरच्याच्या आणि त्याच्या मध्ये राहायचं. आतली वाट आधी बंद करायची, कारण क्वार्टरबॅककडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच. बाहेरून येणाऱ्याला लांबचा वळसा घालू द्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झेपावणं. छाती गुडघ्यांच्या पुढे गेली की तोल समोरच्याच्या हातात गेला. उपाय आरशाच्या सरावात आहे: दोघं समोरासमोर, पाच यार्डांच्या पट्ट्यात. एक डावीउजवीकडे हलतो, दुसरा हात पाठीमागे बांधून फक्त पायांनी त्याच्यासमोर राहतो. धाकटी बहीण किंवा भाऊ यात आनंदानं मदत करतात. हात वापरता येत नसले की पायांना काम करावंच लागतं.

पलीकडच्या बाजूला

लहान शाळांमध्ये एकच मुलगा दोन्हीकडे खेळतो, म्हणून डिफेन्सचीही तयारी असू द्या. इथे कानांवर विश्वास ठेवायचा नाही. क्वार्टरबॅक काहीही ओरडो, नजर बॉलवर, बॉल हलला की उठायचं. एनएफएल बघून मुलांना वाटतं की बॉलची रेघ आधी ओलांडली तरी खेळ चालू राहतो. बहुतेक राज्यांच्या हायस्कूल नियमांत स्नॅपआधी रेघ ओलांडली की लगेच शिटी आणि पाच यार्ड.

भिडल्यावर समोरच्याचं डोकं कुठल्या बाजूला जातंय ते बघायचं. तो ज्या बाजूला जायला धडपडतो तिकडेच बहुधा बॉल जाणार असतो, म्हणून त्याच दाबाविरुद्ध लढायचं. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. समोरचा टॅकल तुम्हाला सोडून आत निघून गेला आणि तुम्हाला कुणीच अडवत नाहीये, तर थांबा. नवखा मुलगा मोकळी वाट दिसताच आनंदानं पुढे धावतो, आणि पलीकडून आलेला गार्ड त्याला बाजूनं उचलतो. याला ट्रॅप म्हणतात. मोकळी वाट दिसली की पुढे न धावता मध्याकडे सरकायचं, खाली व्हायचं, आणि येणाऱ्याला खांदा द्यायचा. पहिल्या सीझनमध्ये एवढं शिकला तरी तो कोचच्या नजरेत भरेल.

सुटण्याच्या युक्त्यांमध्ये आधी रिप शिकवा: हात खालून वर, समोरच्याच्या बगलेतून. त्यात अंग खालीच राहतं. डोक्यावरून हात टाकायची स्विम दिसायला छान असते, पण बरगड्या उघड्या पडतात. ती उंच आणि चपळ मुलांसाठी, आणि नंतर.

नियमांबद्दल थोडं

कमरेखाली ब्लॉक करणं हायस्कूलमध्ये फार मर्यादित आहे: बॉलच्या दोन्ही बाजूंना चार यार्ड आणि लाइनच्या मागे तीन यार्ड एवढ्या चौकटीत, लाइनवरच्याच खेळाडूंमध्ये, आणि स्नॅपनंतर लगेच. एकानं वरून धरलेल्याला दुसऱ्यानं खालून मारणं कुठेच चालत नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथल्या शाळा कॉलेजच्या, म्हणजे एनसीएएच्या नियमांवर आधारित खेळतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसभावानं सांगितलेलं तुमच्याकडे लागू असेलच असं नाही. कोचना विचारा.

अंग कसं घडवायचं

वजन वाढवायच्या नादात पोराला तूप-साखर खिलवू नका. स्क्वॉट, डेडलिफ्ट, घोट्यांची आणि कमरेची लवचिकता, छोट्या धावा, एवढ्यावर भर असू द्या. घर शाकाहारी असेल तरी दूध, पनीर, उसळी, डाळी, दही यांतून प्रथिनं मिळतात. फक्त प्रत्येक जेवणात ती आहेत ना, हे बघावं लागतं. हिवाळ्यात शाळेत कुस्ती असते आणि वसंतात गोळाफेक. लाइनमनसाठी यापेक्षा चांगले जोडखेळ मला माहीत नाहीत. स्टीफन नील कॉलेजमध्ये फुटबॉल खेळलाच नाही. तो कुस्तीगीर होता, १९९९ चा फ्रीस्टाइल विश्वविजेता. तरीही तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा गार्ड झाला. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरातल्या आजोबांना ही गोष्ट जरूर सांगा.

ऊन आणि डोक्याचा मार

यात तडजोड नाही. उष्माघाताचा सगळ्यात जास्त धोका लाइनवरच्या मोठ्या अंगाच्या मुलांना असतो. २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सचा टॅकल कोरी स्ट्रिंगर सरावानंतर उष्माघातानं गेला. त्याच्या नावानं कनेक्टिकट विद्यापीठात आज संस्था आहे. मैदानावर बर्फाच्या पाण्याचा टब असतो का, हे पालकांच्या सभेत विचारा. मुलगा बरळायला लागला, तोल गेला, तर अँब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत त्याला त्या टबमध्ये ठेवा. आधी थंड करणं, मग नेणं. सरावाचे पहिले दिवस पूर्ण पॅडशिवाय असतात ते अंगाला उन्हाची सवय व्हावी म्हणून. जुलैत भारतवारी केलीत तर सराव सुरू होण्याच्या निदान एक-दोन आठवडे आधी परता, आणि त्याला उन्हात हळूहळू पळू द्या.

डोक्याला मार लागल्याची शंका आली की त्या दिवशी खेळ संपला. वॉशिंग्टन राज्यानं २००९ मध्ये झॅकरी लिस्टेड या मुलाच्या नावानं कायदा केला, आणि पुढे सगळ्याच राज्यांनी तसे कायदे केले. मुलं संघासाठी डोकेदुखी लपवतात. घरी आल्यावर दिवा डोळ्यांना खुपतो का, गृहपाठ वाचताना गरगरतं का, एवढं सहज विचारत जा. सरावातल्या पूर्ण ताकदीच्या भिडंतीलाही मर्यादा असतात. कॅलिफोर्नियात तर कायद्यानंच अशा भिडंती आठवड्यातून दोनदा आणि दर वेळी जास्तीत जास्त ९० मिनिटं एवढ्याच होऊ शकतात.

फिल्म बघताना

बहुतेक शाळा सामन्यांचं चित्रण हडल या वेबसाइटवर टाकतात. मुलासोबत बसून बघा, पण बॉलकडे नाही. त्याच्यावर नजर ठेवा आणि दुसरं पाऊल पडतं तिथे चित्र थांबवा. कंबर समोरच्यापेक्षा खाली आहे का, दोन्ही पाय जमिनीवर आहेत का, हात आत आहेत का, डोळे वर आहेत का. मग पुढे जाऊन शिटीच्या क्षणी थांबवा आणि त्याचे पाय चालू आहेत का ते बघा. एका बैठकीत दहा-बारा प्ले पुरे. त्यातून एकच चूक निवडा, ती कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवा, आणि सोमवारी सराव सुरू होण्याआधी त्याला कोचकडे जाऊन विचारायला सांगा: "कोच, माझं दुसरं पाऊल उशिरा पडतंय, मी काय करू?"